पुरवणी मोहीम : संगणकीय युद्धखेळातील एका कथाप्रकाराचा विचार

मोहीम हा शब्द मराठीला नवा नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ महत्त्वाचे, निकडीचे कार्य असा आहे. आपल्याकडे तो विशेषेकरून लष्करी स्वारीसाठी रूढ झाला. पावसाळा सरला, दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की फौजा मुलुखगिरीस निघावयाच्या आणि पुढील पावसाळ्याच्या आत छावणीस परतावयाच्या, असा मराठेशाहीतील क्रम होता. म्हणजे मोहिमेला आरंभ असतो, मजला असतात, कार्य असते आणि शेवट असतो. गेल्या तीन-चार दशकांत संगणकावरील युद्धखेळांनी जो कथाप्रकार रूढ केला, त्यालाही मराठीत मोहीम हेच नाव योग्य ठरेल. प्रस्तुत लेखात ह्या प्रकाराच्या एका उपप्रकाराचा, मूळ खेळाला मागाहून किंवा अधिक म्हणून जोडलेल्या मोहिमांचा, विचार करावयाचा आहे. इंग्रजीत ह्यांना बोनस मोहिमा म्हणतात. उदाहरणासाठी ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ ह्या मालिकेतील तिसरा, १९९९ साली प्रसिद्ध झालेला खेळ घेतला आहे, कारण ह्या उपप्रकाराची जवळजवळ सर्व रूपे त्याच्याभोवती एकत्र आढळतात.

साहित्याच्या अभ्यासकाने संगणकाच्या खेळाकडे का वळावे, असा प्रश्न येथे संभवतो. ग्रंथ संपल्यानंतर जो मजकूर त्याला जोडला जातो त्याचे मूळ ग्रंथाशी नाते काय, हा आपल्या पाठचिकित्सेचा जुना प्रश्न आहे. तोच प्रश्न ह्या खेळांत नव्या वेषात उभा राहिला आहे, हे त्याचे पहिले उत्तर. दुसरे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात येईल. त्याचा संबंध परभणी जिल्ह्यातील सेलूसारख्या गावांच्या इतिहासाशी आहे.

१. खेळाचे स्वरूप

हा खेळ न्यू वर्ल्ड कम्प्यूटिंग ह्या अमेरिकन संस्थेने निर्माण केला. संस्थेचे संस्थापक जॉन व्हॅन कॅनेघम हे मालिकेचे मूळ कल्पक होत. तीत पहिला खेळ १९९५ साली व दुसरा १९९६ साली निघाला. तिसऱ्याचे उपनाम ‘द रेस्टोरेशन ऑफ एराथिया’, म्हणजे एराथिया राज्याची पुनःस्थापना, असे आहे.

खेळाडू एका काल्पनिक राज्याचा धनी असतो. त्याच्या पदरी नायक असतात. नायक फौज घेऊन नकाशावर हिंडतो, खाणी ताब्यात घेतो, नगरे जिंकतो. काळाची गणना दिवस, आठवडा व महिना अशी चालते. एक पाळी म्हणजे एक दिवस, सात दिवसांचा आठवडा, चार आठवड्यांचा महिना. नगरांत नवे सैनिक आठवड्याच्या आरंभी भरतीसाठी उपलब्ध होतात. म्हणून आज स्वारीस निघावे की आठवडा पालटेपर्यंत थांबावे हा हिशेब क्षणोक्षणी करावा लागतो. सोने, लाकूड, खनिज, पारा, गंधक, स्फटिक व रत्ने अशी सात प्रकारची साधने जमवावी लागतात. लढाई षट्कोनी घरांच्या पटावर होते आणि तेथे खेळाडू आळीपाळीने आपली पथके चालवितात.

पटावर युद्धाचे अनुकरण करण्याची ही कल्पना आपल्या भूमीस परकी नाही. कल्याणी येथून राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगाचे वर्णन आहे. सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टाचे घराणे मूळ पैठणचे, पुढे काशीस स्थायिक झालेले. त्याच्या ‘भगवंतभास्कर’ ग्रंथातील ‘नीतिमयूख’ ह्या भागात बुद्धिबळाचे विवेचन असून पटावरील चौसष्ट घरे घोड्याने प्रत्येकी एकदाच फिरून यावयाचे कोडेही दिले आहे. हे कोडे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यात प्रतिपक्ष नाही, शह नाही, मात नाही. खेळाचीच सोंगटी आणि खेळाचाच पट घेऊन मुख्य डावाबाहेर मांडलेले ते स्वतंत्र कार्य आहे. खेळात पुरवणी निर्माण होण्याची प्रवृत्ती किती जुनी आहे हे त्यावरून दिसते.

२. मुख्य कथा

सुटा डाव आणि मोहीम ह्यांतील भेद असा. सुट्या डावात एक नकाशा असतो आणि तो जिंकला की सर्व संपते. मोहिमेत अनेक नकाशे एका कथासूत्रात ओवलेले असतात. एका प्रकरणात कमावलेले नायकाचे कौशल्य बहुधा पुढील प्रकरणात त्याच्याबरोबर जाते. प्रत्येक प्रकरणापूर्वी खेळाडूस थोडे सोने, एखादे पथक, एखादी मंतरलेली वस्तू अशा काही लाभांतून एकाची निवड करता येते. नायकाने कोठवर वाढावे ह्यालाही मर्यादा घातलेली असते. ती नसती तर आरंभीच प्रबळ झालेल्या नायकामुळे पुढील प्रकरणे नीरस झाली असती.

मूळ खेळात एकंदर सात मोहिमा आहेत. एराथियाचा राजा निकोलस ग्रिफनहार्ट मरण पावतो. परदेशी राणी असलेली त्याची कन्या कॅथरीन त्याच्या अंत्यविधीसाठी माहेरी येते, तो राज्य शत्रूंनी व्यापलेले. एका मोहिमेत खेळाडू कॅथरीनच्या बाजूने लढतो, दुसरीत आक्रमकांच्या, तिसरीत गोंधळाचा लाभ घेऊन मुलूख बळकावू पाहणाऱ्या शेजाऱ्यांच्या. पुढे उलगडा होतो तो असा : मांत्रिकांनी मेलेल्या राजाला प्रेतरूपाने उठविले आहे आणि आता तो त्यांनाही आवरेनासा झाला आहे. कन्येने आपल्या पित्याच्या त्या विकृत रूपाचा नाश करावा, हे सहाव्या मोहिमेचे कार्य. तेथे मुख्य कथा पूर्ण होते.

३. ‘असंतोषाची बीजे’

सातवी मोहीम ‘सीड्स ऑफ डिस्कंटेंट’ ह्या नावाची, म्हणजे ‘असंतोषाची बीजे’. मुख्य कथा पार पाडणाऱ्यासच ती उघडते. राणी येथे नायिका नाही. एराथिया आणि शेजारचे अव्हली राज्य ह्यांच्यामध्ये एक वादग्रस्त मुलूख आहे. दोन्ही राज्ये पिढ्यान्‌पिढ्या त्यावर हक्क सांगत आली आणि दोहोंच्या लढाया त्याच भूमीवर झाल्या. ह्या मुलखातील लोक दोघांचेही वर्चस्व झुगारून देण्यास सिद्ध होतात. पहिल्या प्रकरणात त्यांस ‘ग्रेल’ नावाचे पवित्र पात्र शोधावयाचे असते, दुसऱ्यात ते घरी आणावयाचे, तिसऱ्यात स्वातंत्र्य मिळवावयाचे.

ग्रेलची निवड सहेतुक वाटते. खेळाच्या नियमांनुसार नकाशावरील स्तंभांना भेटी दिल्या की एका गुप्त चित्राचे तुकडे उघड होत जातात. त्यावरून जागा ओळखून नायकाने पूर्ण दिवस खर्चून खणावे लागते. ग्रेल नगरात नेऊन त्यावर वास्तू उभारली असता रोज ५,००० सुवर्णनाण्यांची अधिक प्राप्ती होते आणि त्या नगरातील सैन्याची वाढ दीडपट होते. ज्या मुलखाला राजधानी नाही, खजिना नाही, त्याला स्वतंत्र होण्यासाठी नेमके हेच हवे असते. कथेची गरज आणि खेळाचा नियम येथे एकरूप झाले आहेत. निवेदनाने सांगावयाचे ते कार्यानेच सांगितले गेले, हा ह्या मोहिमेचा गुण होय.

तिचा दुसरा गुण दृष्टीचा आहे. सहा मोहिमांत खेळाडूने जो मुलूख केवळ वाटेवरची भूमी म्हणून तुडविला, त्यालाच सातवीत वाचा फुटते. न्यायाने लढणाऱ्या राणीच्या विजयानंतरही कोणाचे तरी गाऱ्हाणे शिल्लक आहे, हे कळल्यावर मागील सहा मोहिमांचा अर्थ पूर्वीसारखा राहत नाही.

४. खिल, उपाख्यान आणि क्षेपक

ह्या खेळाभोवती पुढे ज्या पुरवण्या निर्माण झाल्या त्यांचे वर्गीकरण करण्यास आपल्या परंपरेतील तीन संज्ञा उपयोगी पडतात.

पहिली संज्ञा खिल. महाभारताची अठरा पर्वे संपल्यावर हरिवंश हे त्याचे खिल म्हणून येते. ते पर्वांत मोजले जात नाही, तरी ग्रंथाचेच अंग मानले जाते. ‘असंतोषाची बीजे’ ह्या वर्गात पडते. ह्याच वर्गात ‘हीरोज क्रॉनिकल्स’ ह्या २००० व २००१ सालांतील उपमालिकेचे दोन भाग धरावे लागतील. तिच्यात एकंदर आठ भाग असून, पापाचे क्षालन होईपर्यंत मरण नाकारलेल्या टार्नम नावाच्या रानटी राजाची कथा त्यांत आहे. त्यांपैकी ‘द वर्ल्ड ट्री’ आणि ‘द फायरी मून’ हे दोन भाग दुकानात विकण्यासाठी नव्हते. आधीचे भाग ज्यांनी घेतले होते त्यांना ते महाजालावरून विनामूल्य उतरवून घेता येत.

दुसरी संज्ञा उपाख्यान. १९९९ सालीच निघालेल्या ‘आर्मागेडन्स ब्लेड’ ह्या पहिल्या विस्तारात सहा मोहिमा होत्या. एक मुख्य कथेची आणि बाकीच्या पाच आनुषंगिक व्यक्तींच्या. अजगरांचा संहारक होऊ पाहणारा तरुण मांत्रिक, अजगराचे रक्त पिऊन स्वतःच तसे रूप पावणारी स्त्री, अग्निविद्या जाणणारी चेटकीण अशी ही पात्रे. ‘फेस्टिव्हल ऑफ लाइफ’ ह्या मोहिमेत किलगोर नावाचा एक रानटी तरुण राज्यपदाच्या स्पर्धेत उतरून राजा होतो. त्या वेळी ही कथा केवळ करमणुकीची वाटते. परंतु २००२ साली मालिकेचा चौथा खेळ आला, त्याच्या आरंभी हाच किलगोर हिमखड्ग घेऊन अग्निखड्गधारी गेलूशी भिडतो आणि त्या आघाताने सबंध जगाचा विध्वंस होतो. ज्याला आपण आडवाटेची कथा म्हणून वगळले असते, तिच्यातच महाकथेच्या अंताचे कारण होते. उपाख्याने गाळून महाभारताचा संक्षेप करणाऱ्यास जो धोका असतो, तोच येथे आहे.

तिसरी संज्ञा क्षेपक. मूळ खेळाबरोबर नकाशे रचण्याचे साधन दिले होते आणि पहिल्या विस्ताराबरोबर मोहिमा गुंफण्याचेही साधन आले. त्यामुळे खेळाडू स्वतः रचनाकार झाले. रशियन भाषिक रसिकांच्या एका गटाने २०११ साली प्रसिद्ध केलेला ‘हॉर्न ऑफ द ॲबिस’ हा विस्तार ह्या वर्गाचे ठळक उदाहरण. त्यात समुद्री चाच्यांचे नवे नगर आणि नव्या मोहिमा आहेत. मूळ कर्त्यांचा त्यात हात नाही, तथापि जुन्या खेळाची शैली इतक्या निष्ठेने राखली आहे की अनेक खेळाडू आज मूळ खेळ त्याच रूपात खेळतात.

क्षेपकाविषयी आपली परंपरा एकमुखी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठण येथे ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. उलट श्रीधरांच्या ‘शिवलीलामृत’ ग्रंथाचे मूळ अध्याय चौदा मानले जातात, तरी मागाहून जोडलेला पंधरावा अध्यायही पोथीत छापला जातो व श्रद्धेने वाचला जातो. म्हणजे शुद्धता आणि स्वीकार ही दोन्ही प्रमाणे आपल्याकडे शेजारी शेजारी नांदली आहेत.

येथे एक घटना नमूद करण्याजोगी आहे. ‘आर्मागेडन्स ब्लेड’ विस्तारात ‘फोर्ज’ नावाचे यंत्रयुगीन नगर घालण्याचा कर्त्यांचा बेत होता. मालिकेच्या पूर्वकथेत त्यास आधारही होता. परंतु जादूच्या जगात यंत्रे नकोत अशी ओरड रसिकांनी केली. कर्त्यांनी तो बेत सोडला व त्याऐवजी महाभूतांशी नाते सांगणारे ‘कॉन्फ्लक्स’ हे नगर घातले. येथे कर्त्याचीच रचना वाचकांनी क्षेपक ठरविली. प्रामाण्य कर्त्याच्या हेतूत आहे की वाचकाच्या स्वीकारात, ह्या प्रश्नाचे इतके उघड उदाहरण ग्रंथांच्या इतिहासात सहसा मिळत नाही.

५. पाठरक्षणाचा प्रश्न

न्यू वर्ल्ड कम्प्यूटिंग ही संस्था १९९६ पासून थ्रीडीओ ह्या कंपनीच्या मालकीची होती. थ्रीडीओचे २००३ साली दिवाळे निघाले आणि मालिकेचे हक्क यूबीसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीने विकत घेतले. ह्या कंपनीने २०१५ साली तिसऱ्या खेळाची नव्या पडद्यांना शोभेल अशी सुधारित आवृत्ती काढली, तेव्हा तीत मूळ खेळ तेवढा होता. ‘आर्मागेडन्स ब्लेड’ आणि २००० सालचा ‘द शॅडो ऑफ डेथ’ हे दोन्ही विस्तार गाळावे लागले, कारण त्यांची मूळ संगणकसंहिता उपलब्ध झाली नाही.

ही संहिता म्हणजे काय, हे मराठी अभ्यासकास महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांवरून सहज कळेल. महानुभावांच्या पोथ्या मठांत सुरक्षित होत्या, परंतु सकळ लिपीची किल्ली नसल्याने पंथाबाहेरच्यांस त्या वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे इत्यादी संशोधकांच्या प्रयत्नांनी ती किल्ली प्रकाशात आली तेव्हा कोठे लीळाचरित्रादी ग्रंथांचा अभ्यास शक्य झाला. विस्तारांच्या विकलेल्या चकत्या आजही आहेत आणि यंत्र त्या वाचते. परंतु मनुष्याने लिहिलेली व मनुष्यास दुरुस्त करता येईल अशी संहिता हरवली की पुढील आवृत्ती काढणे दुर्घट होते.

मूळ ग्रंथ जपला जातो आणि पुरवणी प्रथम गहाळ होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मुख्य खंडाची जबाबदारी कोणा ना कोणावर असते, पुरवणीची कोणावरच नसते. येथे तो ठेवा राखला तो हौशी मंडळींनी. ‘व्हीसीएमआय’ नावाच्या मुक्त प्रकल्पात २००७ पासून स्वयंसेवकांनी खेळाचे यंत्रच नव्याने लिहावयास घेतले. जुन्या मोहिमांच्या धारिका मालकाजवळ असल्या म्हणजे त्या ह्या नव्या यंत्रावर चालविता येतात. शिष्यपरंपरेने नकला करून ग्रंथ तारावा, तसेच हे आहे.

६. बक्षीस की बाकी

आता बोनस ह्या शब्दाकडे वळू. मराठीत हा शब्द खेळांतून आला नाही. तो गिरणगावातून आला. मुंबईच्या कापडगिरण्यांत काही वर्षे दिला जाणारा वार्षिक बोनस मालकांनी बंद केला, तेव्हा १९२४ च्या आरंभी कामगारांनी मोठा संप केला. त्यावर नेमलेल्या मॅक्लिऑड समितीने असा निर्णय दिला की, कामगारांचा बोनसवर बजावता येईल असा हक्क पोहोचत नाही. कामगारांचे म्हणणे निराळे होते : हे बक्षीस नसून आमच्याच मजुरीची राहिलेली बाकी आहे. पुढे १९६५ च्या कायद्याने बोनस हा हक्क म्हणून मान्य झाला. बोनस म्हणजे मालकाची मर्जी की श्रमिकाचे येणे, हा वाद ह्या शब्दाच्या पोटातच आहे.

पुरवणी मोहिमेलाही तोच प्रश्न विचारता येतो. ‘असंतोषाची बीजे’ हे खेळाडूस दिलेले बक्षीस आहे, असे निर्माता म्हणेल. परंतु सीमेवरील त्या मुलखाच्या दृष्टीने पाहिले तर ती कथेकडे राहिलेली बाकी आहे. सहा मोहिमा झाल्या तरी ती फेडली गेली नव्हती.

हा विचार मराठवाड्यातील वाचकास परका वाटू नये. मनमाडहून परभणी-नांदेडमार्गे सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील सेलू हे गाव त्या काळी निजामाच्या राज्यात होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देशाच्या इतिहासातील मुख्य मोहीम पूर्ण झाली असे पाठ्यपुस्तके सांगतात. सेलूस, परभणीस, सबंध मराठवाड्यास त्या दिवशी ध्वज उघडपणे फडकविण्याचीही मोकळीक नव्हती. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा चालूच होता. रझाकारांचे अत्याचार वाढत होते आणि सरहद्दीवर कार्यकर्त्यांची शिबिरे उभी राहिली होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने कारवाई आरंभिली आणि १७ सप्टेंबर रोजी निजाम शरण आला. तेरा महिन्यांचे हे अंतर अनेक इतिहासग्रंथांत एका परिच्छेदात आटोपते, परिशिष्टात जाते किंवा मुळीच येत नाही. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. प्रत्येक वेळी तो आधीच चाललेल्या कथेला मागाहून जोडला गेला.

काल्पनिक मुलूख आणि खराखुरा इतिहास ह्यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. खेळात मेलेले पथक पुढल्या डावात उभे राहते, इतिहासात तसे घडत नाही. परंतु कथनाची रचना दोन्हीकडे एकाच रीतीने अन्याय करू शकते. जे मुख्य कथेनंतर घडले ते कमी महत्त्वाचे, असा समज केवळ क्रमावरून होतो. मुख्य कथेचा शेवट कोठे मानावा हे मात्र केंद्रस्थानी असलेल्याने ठरविलेले असते. सेलूच्या दृष्टीने १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख पुरवणीत बसत नाही. मोहीम तिथवरच चालली होती.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून पुरवणी मोहिमेच्या अभ्यासासाठी तीन कसोट्या सुचतात. पहिली, ती मूळ कथेत नुसती भर घालते की मूळ कथेचा अर्थ पालटते. भर घालणाऱ्या मोहिमा पुष्कळ, अर्थ पालटणारी एखादीच. दुसरी, ती कोणाच्या डोळ्यांनी पाहते. विजेत्याच्याच पराक्रमाचे आणखी एक प्रकरण आणि त्याच्या वाटेत आलेल्याचे पहिलेच प्रकरण, ह्यांत फरक केला पाहिजे. तिसरी, ती कोणी व कशी राखली. पाठ टिकला नाही तर पहिल्या दोन कसोट्या लावण्यास काही उरतच नाही.

ह्या तिसऱ्या कसोटीचा आपल्या कामाशी प्रत्यक्ष संबंध आहे. ज्यांनी १९४७-४८ चा काळ कळत्या वयात पाहिला अशी माणसे आता फारच थोडी उरली आहेत. त्यांच्या आठवणी, सरहद्दीवरील शिबिरांची टिपणे, घरोघरच्या पेट्यांतील पत्रे ही मराठवाड्याची मूळ संहिता होय. एका खेळाचे दोन विस्तार जगभरच्या हौशी मंडळींनी विनावेतन वीस-वीस वर्षे खपून जिवंत ठेवले. आपल्या गावच्या पुरवणीसाठी तितके श्रम करण्यास विभागातील विद्यार्थ्यांनी सिद्ध व्हावे. आरंभ गावापासून करता येईल. प्रत्येकाने आपल्या गावातील एका घरची कागदपत्रे पाहावीत, मालकाच्या संमतीने त्यांची नक्कल करावी आणि नकलेवर तारीख, गाव व कागद कोणाकडून मिळाला त्याची नोंद घालावी. एवढ्याने इतिहास लिहून होणार नाही, पण पुढे जो कोणी तो लिहील त्याच्या हाती संहिता असेल.